जुन्या फोटोतली लष्करी गाडी ओळखायची कशी? पहिल्यांदाच अल्बम उघडणाऱ्यांसाठी

सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी, रायगड या पट्ट्यातल्या पुष्कळ घरांत असा एखादा फोटो सापडतोच. गणवेशातला तरुण, एक पाय गाडीच्या बंपरवर, मागे कुठलंसं ओसाड माळरान. आमच्या घरातल्या फोटोत चार जण एका लोखंडी गाडीवर बसलेत. डावीकडून दुसरे आमचे आजोबा. घरात त्या फोटोला ‘आजोबांचा रणगाडा’ म्हणायचे. मीही तेच सांगत आलो, आणि गावच्या एका कार्यक्रमात तर भल्यामोठ्या फ्लेक्सवर ‘दुसऱ्या महायुद्धात रणगाडा चालवणारे’ असं छापून मोकळा झालो. कार्यक्रमाला एक निवृत्त सुभेदारसाहेब आले होते. त्यांनी फ्लेक्स नीट बघितला, मला बाजूला घेतलं आणि विचारलं, “बाळा, याचं टरेट कुठाय रे?”

टरेट, म्हणजे रणगाड्याच्या माथ्यावरची तोफेची फिरती घुमटी, नव्हतंच. रणगाडाच नव्हता तो. कुठली गाडी होती ते पुढे येईल. त्या दिवसापासून स्वतःच्या आणि नात्यागोत्यातल्या अल्बममधले शे-दीडशे फोटो मी चाळले असतील. चुकलोही बरेचदा. तुमचा तेवढा वेळ वाचावा म्हणून हे लिहितोय.

हाताशी काय हवं

आठ किंवा दहापट मोठं दाखवणारं भिंग (फोटो-दुकानात ‘लूप’ म्हणून मिळतं), सपाट काचेचा स्कॅनर, मऊ पेन्सिल, पट्टी आणि एक वही. कागदपत्रांत डिस्चार्ज बुक (फौजेतून सुटताना मिळालेली नोंदपुस्तिका), पेन्शनचे कागद, पदकं, जुनी पत्रं आणि त्यांची पाकिटं. पाकिटं फेकू नका, त्यांवरचा शिक्का कधीकधी पत्रापेक्षा जास्त बोलतो.

१. आधी फोटो वाचवा

काळ्या पानांच्या अल्बममध्ये फोटो डिंकाने चिकटवलेले असतील तर उचकटू नका. अख्खं पानच स्कॅन करा. कागदी कोपऱ्यांत बसवलेले असतील तर अलगद निघतात.

त्या काळातले बरेच घरगुती फोटो १२० नंबरच्या रोलवर बॉक्स कॅमेऱ्याने काढलेले असायचे. एका रोलमध्ये आठ फोटो, आणि प्रिंट निगेटिव्हच्याच मापाची, म्हणजे साधारण ६ × ९ सेंटिमीटर. एवढ्याशा प्रिंटला ३०० डीपीआय पुरत नाही. १२०० वर स्कॅन करा आणि टिफ फाइल ठेवा. मोबाइलवर काढून व्हॉट्सअॅपवर पाठवलेल्या फोटोवरून गाडी ओळखायला सांगणारे रोज भेटतात. त्यात चाकांच्या जागी नुसते काळे ठिपके उरलेले असतात.

आणखी एक. फोटो ‘साफ’ करून देणारी, रंग भरणारी अॅप्स या कामाला अजिबात वापरू नका. ती नसलेला तपशील कल्पनेने भरतात. माझ्या मावसभावाने एका फोटोला रंग भरून आणले, तर जीपच्या जाळीला अकरा फटी झाल्या होत्या आणि मागच्या माणसाला तिसरा हात. भिंतीवर लावायला हवा तर लावा तो फोटो, पुरावा म्हणून मूळ प्रतच घ्या.

२. मागची बाजू वाचा, पण लगेच विश्वास ठेवू नका

फोटो उलटा केला की स्टुडिओचा शिक्का, कागदाच्या कंपनीचं नाव, एखादी तारीख, कुणीतरी लिहिलेली ओळ मिळते. इथेच पहिली मोठी चूक होते. आमच्या फोटोच्या मागे ‘बर्मा १९४४’ असं ठसठशीत लिहिलेलं होतं. आम्ही सगळे त्यावरच चाललो होतो. भिंगाखाली धरलं तेव्हा लक्षात आलं, की हे बॉलपेनने लिहिलंय. बॉलपेन बाजारात मोठ्या प्रमाणावर आलं तेच १९४५ नंतर, गावात पोचायला आणखी काही वर्षं लागली. अक्षर थोरल्या काकांचं निघालं. त्यांनी पुढे कधीतरी, ऐकीव माहितीवर लिहून टाकलं होतं.

म्हणून मागची नोंद कुणाच्या अक्षरात आहे, शाई आहे की पेन्सिल की बॉलपेन, हे वहीत आधी टिपा. फोटोबरोबरच लिहिलेली नोंद आणि तीस वर्षांनी लिहिलेली नोंद यांना एकाच तागडीत तोलू नका.

३. फोटो उलटा तर छापलेला नाही ना?

निगेटिव्ह उलटी बसली की प्रिंटमध्ये डावं-उजवं बदलतं. अक्षरं दिसत असतील तर लगेच कळतं. नसतील तर माणसांकडे बघा. पुरुषांच्या शर्टाची बटणपट्टी डावी बाजू वर ठेवून लागते. फोटोत सगळ्यांचीच उजवी बाजू वर दिसली, तर प्रिंट उलटी.

हे आधी का बघायचं? कारण स्टिअरिंग कुठल्या बाजूला आहे यावर पुढची निम्मी ओळख उभी असते. युद्धकाळातल्या अमेरिकन जीप डाव्या स्टिअरिंगच्या, तर ब्रिटिश फौजांसाठी कॅनडात बनलेले ट्रक उजव्या. उलट्या प्रिंटमुळे मी एका विलीज जीपला दोन महिने महिंद्रा म्हणत होतो.

४. नाव घेऊ नका, जे दिसतं ते लिहा

सगळ्यात अवघड पायरी हीच. फोटो हातात घेतला की तोंडातून पहिला शब्द निघतो ‘शर्मन’ नाहीतर ‘पॅटन’, गाजलेल्या रणगाड्यांची नावं. एकदा नाव घेतलं की डोळे तेच शोधायला लागतात. त्यामुळे पहिले दहा मिनिटं नाव काढायचंच नाही. वहीत एवढंच लिहायचं:

चाकांवर चालते की रणगाड्यासारख्या फिरत्या लोखंडी पट्ट्यांवर? एका बाजूला चाकं किती? सारख्या अंतरावर आहेत की जोडीजोडीने? वरती फिरणारं टरेट आहे का? तोफेची नळी कुठून निघते? समोरची काच सरळ, मागे झुकलेली की पुढे झुकलेली? हेडलाइट जाळीच्या आत की बाहेर? स्टेपनी कुठे टांगलीय?

फौजेत गाड्यांची ढोबळ विभागणी ‘ए व्हेइकल’ आणि ‘बी व्हेइकल’ अशी होते. ए म्हणजे चिलखती, बी म्हणजे बाकीच्या, जीप-ट्रक वगैरे. तुमची गाडी कुठल्या खान्यात बसते ते ठरवा, म्हणजे अर्धा पसारा आवरला. घरच्या अल्बममध्ये बहुतेक बी व्हेइकलच निघतात. जवानाला फोटोसाठी हाताशी मिळायची ती जीप नाहीतर ट्रक.

५. जीप: जाळीच्या फटी मोजा

जीपवर जरा जास्त थांबतो, कारण तुमच्या अल्बममध्ये ती असण्याची शक्यता सर्वांत जास्त.

युद्धकाळात जीप दोन कंपन्यांनी बनवली. विलीजची एमबी आणि फोर्डची जीपीडब्ल्यू. दोन्ही मिळून सहा लाखांवर गाड्या निघाल्या. आराखडा एकच, सुटे भागही एकमेकींना बसायचे. दोन्हींच्या पत्र्याच्या जाळीला नऊ उभ्या फटी. हेडलाइट लहान, जाळीच्या आत दबलेले. मागे उघडणारी फळी नाही, तिथे उजवीकडे स्टेपनी आणि डावीकडे जेरीकॅन. फावडं-कुऱ्हाड डाव्या अंगाला बांधलेली. अगदी सुरुवातीच्या विलीजना पत्र्याची जाळी नव्हती, लोखंडी पट्ट्या जोडून केलेली होती. ती १९४२ च्या सुरुवातीलाच बंद झाली. तसल्या जाळीची जीप फोटोत दिसली तर फोटो जपून ठेवा, या गाड्या तुलनेने थोड्या.

विलीज की फोर्ड, हे सहसा साध्या फोटोवरून सांगता येत नाही. फोर्डने स्वतःच्या बोल्टवर एफ अक्षर उठवलं होतं, पण ते फोटोत दिसायला नशीब लागतं. समोरून, जरा खालून काढलेला फोटो असेल तर एक जागा बघा. जाळीच्या खाली, चासीच्या दोन पट्ट्यांना जोडणारा आडवा दांडा गोल नळीसारखा असेल तर विलीज, चौकोनी असेल तर फोर्ड. दांडा बंपरमागे लपला असेल तर ‘एमबी किंवा जीपीडब्ल्यू’ असं लिहून पुढे जा. त्यात काही कमीपणा नाही.

आता खरा सापळा. युद्धानंतर विलीजने नागरी जीप काढली, तिच्या जाळीला सात फटी. हेडलाइट मोठे, मागे उघडणारी फळी, स्टेपनी बाजूला. मुंबईत महिंद्राने जुळणी सुरू केली ती याच घराण्यातली. पुढे आली सीजे-३बी. ती कळायला भिंगही लागत नाही, बॉनेट इतकं उंच की गाडीने मान वर केल्यासारखी दिसते. हे मॉडेलच १९५३ चं. सात फटी, उंच बॉनेट, उजवं स्टिअरिंग असलेल्या जीपसोबत मामांचा फोटो ‘दुसऱ्या महायुद्धातला’ म्हणून दिवाणखान्यात लागलेला असेल, तर घरात वाद घालायची तयारी ठेवा.

याच्या उलटंही होतं. नऊ फटींची जीप दिसली म्हणजे फोटो युद्धातला, असंही नाही. युद्ध संपल्यावर ‘डिस्पोजलच्या जीप’ म्हणून ढिगाने विकल्या गेल्या. सरकारी खाती, कंत्राटदार, बागायतदार, सगळ्यांकडे त्या होत्या. खाकी कपड्यातला माणूस आणि विलीज जीप एवढ्यावरून तो फौजी ठरत नाही. एका ताईंनी मला पाठवलेल्या फोटोतले ‘मेजर’ वनखात्याचे रेंजर निघाले.

जोंगा मात्र सहज कळते. जीपपेक्षा अंगाने रुंद, चेहरा वेगळा. निस्सान पेट्रोलवरून घेतलेली, जबलपूरला बनलेली. साठच्या दशकाआधीच्या फोटोत ती असूच शकत नाही.

६. ट्रक: समोरच्या काचेकडे बघा

दुसऱ्या महायुद्धातल्या भारतीय पलटणींच्या फोटोंत सर्वाधिक दिसतात ते कॅनडात बनलेले फोर्ड आणि शेवरले ट्रक. त्यांना सीएमपी (कॅनेडियन मिलिटरी पॅटर्न) म्हणतात. इंजिन थोडं केबिनमध्ये शिरलेलं, त्यामुळे नाक चपटं, बुलडॉगसारखं. युद्धाच्या मध्यापासून आलेल्या केबिनची समोरची काच चक्क उलटी झुकलेली असते, वरची कड पुढे, खालची मागे. एकदा बघितली की विसरत नाही. हे ट्रक युद्धानंतरही आपल्या फौजेत बरीच वर्षं धावले.

याच चासीवर चिलखत चढवून भारतात एक गाडी बनली. पत्रा टाटांच्या जमशेदपूरच्या कारखान्यातला, म्हणून सैनिक तिला ‘टाटानगर’च म्हणायचे. चार चाकं, तिरपे पत्रे, वरून उघडी. हिला भलेभले परदेशी हौशी मंडळीही चुकीचं नाव देतात, कारण त्यांच्या चित्रमाहितीत ती क्वचितच असते.

स्वातंत्र्यानंतरच्या फोटोत मोठं लांब बॉनेट असलेला ट्रक म्हणजे बहुधा शक्तिमान. जर्मन एमएएन कंपनीच्या परवान्यावर जबलपूरला १९५९ पासून बनायला लागला, तो १९९६ पर्यंत. म्हणजे १९५९ च्या आधीचा फोटो नाही एवढं नक्की, पण नंतरची सदतीस-चाळीस वर्षं मोकळीच. तिथे माणसांचे गणवेश आणि नंबरप्लेटच कामी येणार.

७. रणगाडे: चाकं, चाकं आणि चाकं

तोफेकडे बघायचा मोह आवरा. रणगाडा ओळखायचा खालून. पट्ट्याच्या आत, जमिनीला टेकणारी चाकं एका बाजूची मोजा. टोकाचं दातेरी चाक आणि दुसऱ्या टोकाचं उचललेलं चाक मोजायचं नाही. एखादं चाक जवानाच्या पायामागे लपलं असेल तर अंतरावरून अंदाज घ्या, आणि अंदाज आहे असं वहीत लिहा.

तीन चाकं, टरेट नाही, अंगाने बुटकी, वरून उघडी: युनिव्हर्सल कॅरिअर, म्हणजे बोलीतला ब्रेन कॅरिअर. पुढे दोघांची जोडी, मागे एकटं चाक. आमचा ‘रणगाडा’ हाच. पायदळाच्या पलटणीत कॅरिअर प्लाटून असायची, ब्रेन गन (हलकी मशीनगन) आणि सामान इकडून तिकडे न्यायला. मराठी घरांतल्या दहा ‘रणगाड्यां’पैकी निदान चार तरी कॅरिअर असावेत असा माझा अनुभव. वाईट वाटून घेऊ नका. उघड्या डब्यात बसून गोळीबारातून जायला बंद रणगाड्यापेक्षा कमी छाती लागत नव्हती.

चार चाकं, दोन-दोनच्या जोड्या, आणि मागचं मोठं पाचवं चाकही जमिनीला टेकलेलं: स्टुअर्ट. बर्मात होता, आणि १ नोव्हेंबर १९४८ रोजी सातव्या लाइट कॅव्हलरीने तो थेट लडाखच्या वाटेवरच्या झोजी ला खिंडीत चढवला. बर्फात उभा असलेला बुटका रणगाडा दिसला तर हे लक्षात असू द्या.

सहा लहान चाकं, तीन जोड्यांत: शर्मन, किंवा त्याच्या आधीचा ली-ग्रँट. खालचा भाग जवळजवळ सारखा, तेव्हा आता वर बघा. उजव्या अंगातून, टरेटच्या खालून एक तोफ निघत असेल आणि वर छोट्या टरेटात दुसरी, तर ली किंवा ग्रँट. टरेटच्या डोक्यावर आणखी एक छोटी घुमटी मशीनगनसकट असेल तर ली. कोहिमा-इम्फाळच्या डोंगरांत १९४४ साली हेच ली झगडले. एकच मोठी तोफ टरेटमध्ये असेल तर शर्मन. अंग साबणाच्या वडीसारखं गोलसर असेल तर ते ओतीव, कडा तीक्ष्ण असतील तर पत्रे जोडलेलं. तीन जोड्यांत जरा जास्तच मोकळी जागा दिसली तर तो लांब अंगाचा, एम४ए४.

सहा चाकं, पण तीन-तीनचे दोन गट, आणि कडेची दोन मोठी, मधली चार लहान: व्हॅलेंटाइन. दुसऱ्या कशाशीच गल्लत होत नाही.

सहा मोठी चाकं: इथे मंडळी अडखळतात. पॅटन, सेंच्युरियन, विजयंत, पीटी-७६ सगळे इथेच. सेंच्युरियनला सहसा बाजूने लांब पत्रे लटकवलेले असतात, चाकांचा वरचा अर्धा भाग झाकणारे. पीटी-७६ पाण्यात पोहणारा, नाक होडीसारखं, अंग मोठं आणि टरेट अगदी लहान. विजयंत चेन्नईजवळ अवाडीला बनला आणि १९६५ पासून पुढचाच.

पॅटन दोन तऱ्हांचे, आणि पाकिस्तानकडे दोन्ही होते. एम४७ चं टरेट मागे-पुढे लांबुळकं, पुढे निमुळतं. एम४८ चं उलट्या कढईसारखं गोल, आणि अंगाचा पुढचा भागही होडीसारखा गोलाकार. पट्ट्याच्या वरच्या बाजूला आधाराचे छोटे रोलर असतात. एम४७ ला तीन, सुरुवातीच्या एम४८ ला पाच. एम४७ ला पुढच्या पत्र्यात मशीनगनचा गोळा असतो, एम४८ ला नाही.

पाच मोठी चाकं: पहिल्या आणि दुसऱ्या चाकात ठळक फट असेल तर टी-५४/५५ घराणं. फट मागच्या चाकांत असेल तर टी-६२. चिनी टाइप-५९ हा टी-५४ चाच भाऊ, अल्बममधल्या छोट्या फोटोवरून या दोघांत फरक करायला जाऊ नका. पाच चाकं, हलकं अंग आणि टरेट वर-खाली दोन तुकड्यांत विभागलेलं दिसलं तर फ्रेंच एएमएक्स-१३. ऑक्टोबर १९६२ मध्ये एएन-१२ विमानांत घालून लडाखमधल्या चुशूलला नेले ते हेच. पाच चाकं, साधं टरेट, युद्धकाळातला अमेरिकन तोंडवळा, तर शॅफी.

आता यातला मोठा सापळा ऐका. जवान ज्या रणगाड्यावर उभा आहे, तो त्याचाच असतो असं नाही. स्वतःच्या रणगाड्यावर चढून फोटो काढायला फुरसत आणि परवानगी कमी मिळायची. पकडलेल्या किंवा जळालेल्या शत्रूच्या रणगाड्यावर मात्र सगळी पलटण चढायची. सप्टेंबर १९६५ मध्ये पंजाबातल्या असल उत्तरच्या लढाईनंतर पकडलेले पाकिस्तानी पॅटन भिखीविंडला रांगेत उभे केले, त्या जागेला ‘पॅटन नगर’ नावच पडलं. नंतर ते विजयचिन्ह म्हणून देशभर गावोगावी गेले. त्यामुळे पॅटनसोबतचा फोटो रणांगणावरचाच असेल असं नाही, एखाद्या शहरातल्या चौकातला, सुट्टीवर आलेल्या माणसाचाही असेल. पट्टे निखळलेले, टरेट वाकडं वळलेलं, नळी खाली झुकलेली, बाजूला बघे, मुलंबाळं दिसली की सावध व्हा. १९७१ चा शॅफी आपल्या जवानांसोबत दिसला तर तोही पकडलेलाच. तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या गरीबपूरला २१ नोव्हेंबर १९७१ रोजी आपले पीटी-७६ आणि पाकिस्तानचे शॅफी समोरासमोर आले होते.

८. रंगवलेल्या खुणा

गाडीचं नाव कळलं की मगच खुणांकडे या. आधी खुणा वाचल्या की काय होतं ते सांगतो. आमच्या फोटोत अंगावर ‘टी’ अक्षर आणि पुढे आकडे होते. घरातल्या हुशार मंडळींनी टी म्हणजे टँक ठरवून टाकलं होतं. ब्रिटिश पद्धतीत टी हे अक्षर पट्ट्यांवरच्या इतर गाड्यांनाही, कॅरिअरलासुद्धा असायचं. एल म्हणजे मोठे ट्रक, झेड म्हणजे लहान ट्रक, एम म्हणजे मोटार, एफ म्हणजे चिलखती गाडी, ए म्हणजे अॅम्ब्युलन्स, सी म्हणजे मोटारसायकल.

गोलात मोठा आकडा, बहुधा पिवळ्या रंगावर, हा पलटणीचा नंबर नव्हे. तो पुलासाठी असतो, गाडी साधारण किती टनांच्या वर्गात बसते ते सांगणारा. यावरून पलटण शोधत बसलेले लोक मी पाहिलेत. त्यांतला एक मी.

पांढरा तारा दिसला की ‘अमेरिकन’ म्हणू नका. युद्धाच्या उत्तरार्धात दोस्त राष्ट्रांच्या इतर फौजांनीही तो वापरला.

खरी मौल्यवान खूण म्हणजे डिव्हिजनचं (अनेक पलटणी मिळून होणाऱ्या मोठ्या दलाचं) चिन्ह, बंपरच्या किंवा मडगार्डच्या कोपऱ्यावर. चौथ्या भारतीय डिव्हिजनचा लाल गरुड, पाचवीचा लाल गोळा, सातवीचा सोनेरी बाण, आठवीचं क्लोव्हर नावाच्या छोट्या वनस्पतीचं पान, सतरावीचं काळं मांजर, एकोणिसावीचा खंजीर, तेविसावीचा कोंबडा. मराठा पलटणी एकाच डिव्हिजनमध्ये नव्हत्या. इटलीतच बघा: टायबरच्या वरच्या खोऱ्यात १० जुलै १९४४ रोजी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे यशवंत घाडगे तिसऱ्या बटालियनचे, दहाव्या डिव्हिजनमधले, आणि ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ नदीवर तो मिळवणारे नामदेव जाधव पहिल्या बटालियनचे, आठव्या डिव्हिजनमधले. त्यामुळे ‘मराठा लाइट इन्फंट्री, इटली’ एवढं ठाऊक असलं तरी चिन्हाने शोध बराच अरुंद होतो.

पण रंगाच्या बाबतीत फिल्म फसवते. स्वस्त रोल बहुतेक ऑर्थोक्रोमॅटिक असायचे, त्यांना लाल रंग दिसतच नाही. लाल काळा उमटतो, निळा फिकट. पाचव्या डिव्हिजनचा काळ्या चौकोनातला लाल गोळा अशा फोटोत नुसता काळा चौकोन होतो. ‘इथे काहीच रंगवलेलं नाही’ असं म्हणण्याआधी स्कॅनवर उजेड वाढवून बघा.

स्वातंत्र्योत्तर गाड्यांवर नंबरप्लेटवरचा वर टोक केलेला बाण शोधा. बाणाला लागून असलेले दोन आकडे म्हणजे गाडी फौजेत दाखल झाल्याचं वर्ष. फोटोचं नव्हे. ६८ दिसलं तर फोटो १९६८ किंवा नंतरचा, बास.

९. तारीख कशी काढायची

गाडी तुम्हाला ‘याच्या आधीचा नाही’ एवढं सांगते. ‘याच्या नंतरचा नाही’ हे सांगायला ती असमर्थ, कारण फौज गाडी टाकून देत नाही. शर्मन १९६५ च्या लढाईतही उतरलेत. तेव्हा वरची मर्यादा माणसाकडून घ्या: निवृत्तीचं वर्ष, बाहीवरच्या फिती, लग्नाआधीचा की नंतरचा, मिशी कधी ठेवली. आजी या कामात कुठल्याही दफ्तरापेक्षा पक्की. “ही मिशी थोरल्याच्या बारशाला काढली,” एवढ्या एका वाक्याने एका फोटोची सहा वर्षं कमी झाली होती.

१०. कागद आणि प्रत्यक्ष गाडी

पदकं बघा. आफ्रिका स्टार, इटली स्टार, बर्मा स्टार ही त्या त्या आघाडीवर गेलेल्यांनाच मिळायची. आजोबांकडे इटली स्टार होता, बर्मा स्टार नव्हता. काकांच्या बॉलपेनचा निकाल तिथेच लागला.

डिस्चार्ज बुकात पलटण, हुद्दा, ट्रेड (फौजेतलं काम) असतो. ते हरवलं असेल तर ज्या-त्या रेकॉर्ड ऑफिसला लिहायचं. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, तोफखान्याचं नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचं (लष्करी अभियंत्यांचं) खडकीला, चिलखती दलाचं अहिल्यानगरला. अर्जात सैनिक क्रमांक, पूर्ण नाव, गाव, भरतीचं अंदाजे साल आणि तुमचं नातं सिद्ध करणाऱ्या कागदाची प्रत लागते. सैनिक क्रमांक नसेल तर काम फार लांबतं, म्हणून जुनी पत्रं आधी धुंडाळा, पाठवणाऱ्याच्या नावाआधी तो लिहिलेला असतो. मी एका ठिकाणी क्रमांकाशिवाय अर्ज पाठवला. अकरा महिन्यांनी उत्तर आलं: क्रमांक कळवावा.

आणि एकदा अहिल्यानगरचं रणगाडा संग्रहालय बघून या. चिलखती दलाच्या केंद्राने १९९४ साली उभं केलेलं. रोल्स-रॉइसची चिलखती गाडी, माटिल्डा, व्हॅलेंटाइन, चर्चिल, जपानी हा-गो, सेंच्युरियन, पॅटन, विजयंत, सगळे एका आवारात. नवशिके समोरून सेल्फी काढून परततात. तुम्ही प्रत्येक गाडीच्या बाजूला उभं राहून सरळ आडवा फोटो घ्या, चाकं पूर्ण येतील असा. तोच तुमचा घरचा संदर्भकोश. हात लावून बघितलेलं चाक फोटोतही लगेच ओळखू येतं. ओळखपत्र न्या, आणि संग्रहालयाच्या बाहेर, छावणीच्या हद्दीत कॅमेरा खिशातच ठेवा.

११. शेवटी नोंद लिहा

फोटोच्या मागे बॉलपेन लावायचा नाही. मऊ पेन्सिलीने कोपऱ्यात फक्त एक क्रमांक टाका, बाकी सगळं वहीत. प्रत्येक गोष्टीपुढे ‘नक्की’, ‘बहुधा’ किंवा ‘ऐकीव’ यांपैकी एक शब्द हवाच, आणि कशावरून तेही. जुनी चुकीची नोंद खोडू नका, तीही घराचीच आहे. आमच्या फोटोची नोंद नमुन्यादाखल देतो:

*क्रमांक १. ६ × ९ सें.मी., काळा-पांढरा, एक कोपरा दुमडलेला. प्रिंट सुलट (बटणपट्टीवरून). गाडी: युनिव्हर्सल कॅरिअर, नक्की (एका बाजूला तीन चाकं, टरेट नाही). क्रमांक ‘टी’ने सुरू, पुढचे आकडे पुसट. मडगार्डवर क्लोव्हरसारखी खूण, बहुधा आठवी डिव्हिजन. ठिकाण: इटली, बहुधा (इटली स्टारवरून). मागे ‘बर्मा १९४४’, बॉलपेन, थोरल्या काकांचं अक्षर, नंतरची. डावीकडून दुसरे: आजोबा, नक्की (आजीने ओळखलं). पहिला, तिसरा आणि चौथा: नावं मिळालेली नाहीत. तिसऱ्याच्या हातात बहुधा पत्र आहे.*